सहल कुणाच्या पायांनी मोजायची?

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

गेल्या वर्षी वसंतातल्या सुट्टीत मी कुटुंबाला घेऊन शहरापासून अडीच तासांवरच्या एका प्रसिद्ध डोंगरवाटेवर गेलो होतो. एकूण ९ किलोमीटरची वाट आणि ३५० मीटरची चढण होती. रस्त्यात वाहनांची रांग लागली आणि चालायला सुरुवात करेपर्यंत अकरा वाजले. सहा वर्षांचा मुलगा वाटेतच बसला तो उठेना, तेरा वर्षांच्या मुलीने कानांतले हेडफोन काढले नाहीत, आणि माथा अगदी समोर दिसत असताना आम्हाला परत फिरावे लागले. उतरताना आईचे गुडघे इतके दुखले की पुढचे दोन दिवस ती घराबाहेर पडली नाही. यंदा दहा दिवसांची सुट्टी आहे. पत्नी म्हणते, ‘आम्हाला घरीच राहू द्या.’ मला मात्र मुलांना शहराबाहेर मोकळ्या रानात न्यायचे आहे. अंतर किती ठेवावे, मुलीला फोनमधून बाहेर कसे काढावे, आणि आईला न्यावे की घरी ठेवावे?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

मुलगा बसला, मुलीने लक्ष दिले नाही, आईंचे गुडघे दुखले आणि माथा हुकला, असे तुम्ही ओळीने लिहिले आहे, आणि ते वाचताना या तिघांनी मिळून तुमचा दिवस वाया घालवला अशी समजूत होते. मला तसे वाटत नाही. तो दिवस घराबाहेर पडण्यापूर्वीच हातचा गेलेला होता. हे मी तुमच्या समाधानासाठी म्हणत नाही. कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर पाच मिनिटांत तुमचे तुम्हालाच पटेल.

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये डोंगरातल्या चालीचा एक साधा आडाखा मांडला आणि तो आजही वापरात आहे. नकाशावरच्या दर ३ मैलांना एक तास, आणि त्याखेरीज चढाच्या दर २,००० फुटांना आणखी एक तास. आपल्या मापांत सांगायचे तर साधारण ५ किलोमीटरला एक तास आणि १० मीटर चढाला एक मिनिट जादा. या हिशेबाने तुमच्या ९ किलोमीटरांना १०८ मिनिटे आणि ३५० मीटर चढाला ३५ मिनिटे, म्हणजे एकूण २ तास २३ मिनिटे लागतात. मात्र हा हिशेब चांगल्या दमाच्या आणि न थांबता चालणाऱ्या प्रौढ माणसाचा आहे. सहा वर्षांचे मूल कच्च्या पाऊलवाटेवर तासाला दोन-अडीच किलोमीटर चालले तरी चांगले चालले म्हणायचे, तेव्हा अंतराचेच साडेतीन तासांहून अधिक झाले. चढाचा वेळ दुप्पट धरला तर आणखी सव्वा तास होतो. खाणे, पाणी, बुटातला खडा, झुडपाआड जाऊन येणे आणि मोठी माणसे ज्याला ‘उगाच थांबणे’ म्हणतात ते थांबणे, यांचा किमान एक तास धरावाच लागतो. बेरीज सहा तासांच्या घरात जाते. म्हणजे अकराला निघालेले तुमचे कुटुंब, कुणालाही काहीही न होता, संध्याकाळी पाचला खाली पोहोचले असते, आणि त्यानंतर अडीच तासांचा परतीचा प्रवास होताच. तुमचा मुलगा हट्टाने बसला नाही. त्याच्या वाटणीचे चालून झाले होते, एवढेच.

तेव्हा किती किलोमीटर हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवावा. घराबाहेर किती तास आनंदात जातील हे आधी ठरवावे, आणि ते तास सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाच्या पायांनी मोजावेत. माझ्या सल्ल्याचा गाभा एवढाच आहे. पुढचे सारे त्याच्या अनुषंगाने येते.

तुमच्या घराची चाल तुम्हीच मोजून घ्या, कारण पुस्तकातले आकडे सरासरीचे असतात आणि सरासरीचे मूल कुणाच्याही घरी नसते. सुट्टीच्या पहिल्या दिवशी सकाळी घराजवळच्या मोठ्या बागेत किंवा पाण्याकाठच्या वाटेवर सगळ्यांनी मिळून दोन किलोमीटर चालावे. घाई करू नये, मुलगा थांबेल तिथे थांबावे, आणि घड्याळ फक्त सुरुवातीला आणि शेवटी पाहावे. पन्नास मिनिटे लागली तर तुमच्या घराची चाल तासाला सुमारे अडीच किलोमीटर आहे. त्या चालीने साडेचार किलोमीटर आणि शंभर-सव्वाशे मीटर चढ असलेली वाट निवडली, तर चालण्याचे दोन-सव्वादोन तास आणि थांबण्याचे तास-दीड तास मिळून तीन ते पावणेचार तास होतात. सहा वर्षांच्या मुलासाठी आणि आईंसाठी एवढे पुरेसे आहे, आणि खरे सांगायचे तर आठवडाभर खुर्चीत बसून काम करणाऱ्या तुमच्यासाठीही.

दुसरी गोष्ट, जागा जवळची निवडा. घरापासून एका तासापेक्षा लांब नको. प्रसिद्ध ठिकाणांविषयी माझ्या मनात थोडी अढी आहे हे कबूल करतो. वसंतातल्या सुट्टीत ज्या देखाव्याचे छायाचित्र सगळ्यांनी पाहिलेले असते तिथेच सगळे निघतात, आणि मुले सकाळचा ताजेपणा गाडीच्या मागच्या आसनावर संपवून बसतात. शहराच्या सीमेलगत, जिथे शेवटच्या वसाहती संपून शेते, माळ, तळी आणि छोटी वने सुरू होतात, तिथे नाव नसलेल्या पुष्कळ वाटा असतात. सुट्टीतही मधल्या वारी आणि सकाळी नऊच्या आत पोहोचलात तर अशा वाटेवर बहुधा तुम्हीच असाल. बसने किंवा रेल्वेने जाणार असाल तर सुट्टीच्या दिवसांचे वेळापत्रक वेगळे असते, म्हणून परतीच्या शेवटच्या दोन फेऱ्यांच्या वेळा कागदावर लिहून घ्या. बस-रेल्वेचा एक फायदा लोकांच्या ध्यानात येत नाही: गाडी जिथे लावली तिथेच परतण्याचे बंधन उरत नाही, त्यामुळे उंचावरच्या थांब्यावर उतरून हलक्या उताराने खालच्या थांब्यापर्यंत यावे, अशी वाट निवडता येते.

वाटेचा आकारही पाहावा लागतो, आणि याकडे सहसा कुणी लक्ष देत नाही. गोल फिरून त्याच जागी येणारी वाट मोठ्यांना आवडते, कारण त्याच रस्त्याने परत येणे त्यांना कंटाळवाणे वाटते. परंतु गोल वाटेवर अर्धे अंतर संपल्यानंतर मूल थकले, तर पुढे जाणे आणि मागे जाणे दोन्ही सारखेच लांब पडते. म्हणून लहान मूल बरोबर असताना जाऊन त्याच वाटेने परत यावे. कुठूनही मागे वळता येते आणि मुलाला ओळखीच्या खुणा पुन्हा भेटल्याचा आनंद होतो. गोल वाटच हवी असेल तर इंग्रजी आठच्या आकड्यासारखी, मध्यावर पुन्हा गाडीपाशी येणारी वाट शोधा. पहिली फेरी झाली की ज्याला थांबायचे तो थांबेल.

चढ सुरुवातीला आणि उतार शेवटी असावा, हे तर सर्वांना ठाऊक असते. फसगत होते ती दरीत उतरणाऱ्या वाटांवर. गाडी वर लावायची, गप्पा मारत ओढ्यापर्यंत उतरायचे, पाण्यात खेळून मुलांनी दमायचे, आणि मग उन्हाच्या वेळी सगळी चढण समोर उभी! तुमच्या नकाशावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, असतील तर घरीच हे कळते. रेषा जितक्या दाट तितका चढ तीव्र, आणि वाट कमी उंचीच्या रेषेकडून अधिक उंचीच्या रेषेकडे नेमकी कधी जाते, जाताना की येताना, हे बोटाने गिरवून पाहावे. १:२५,००० प्रमाणाच्या नकाशावर ४ सेंटीमीटर म्हणजे १ किलोमीटर. १:५०,००० च्या नकाशावर २ सेंटीमीटर. हे काम तुम्ही करू नका. ते कुणी करायचे हे पुढे सांगतो.

तिसरी गोष्ट परत फिरण्याच्या वेळेची. ‘अमुक ठिकाणी पोहोचल्यावर परत फिरू’ असे न ठरवता ‘साडेअकरा वाजता, जिथे असू तिथून परत फिरू’ असे निघण्यापूर्वीच सर्वांसमक्ष ठरवा. तुम्हाला हे कठीण जाईल, कारण माथा दिसत असताना मागे वळण्याची तुमची सल वर्षभर टिकली आहे. परंतु वेळ आधी ठरलेली असली की कुणामुळे परत फिरावे लागले असा प्रश्न राहत नाही, घड्याळामुळे फिरावे लागते. गेल्या वर्षी परतताना ज्याच्या-त्याच्या मनात हाच प्रश्न होता, आणि सहा वर्षांच्या मुलालाही तो ऐकू येतो.

आता मुलाविषयी. त्या वयाचे मूल चालत असते तेव्हा ते कुठेतरी जात नसते; ते एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत, डबक्यापासून ओंडक्यापर्यंत जात असते. त्याला माथ्याचे आमिष उपयोगी पडत नाही, पुढच्या वळणावर काय आहे याचे पडते. वसंतात अशी आमिषे पावलोपावली असतात. सकाळी ऊन नुकतेच पडलेले असताना फुलपाखरे पंख सपाट पसरून वाटेवरच्या दगडांवर बसलेली आढळतात, कारण अंग पुरेसे तापल्याशिवाय त्यांना नीट उडता येत नाही. अशा वेळी, आपली सावली त्यावर पडू न देता, मुलाला गुडघ्यांवर रांगत हातभर अंतरापर्यंत जाता येते. पंखांवरची बारीक लव आणि सोंडेची गुंडाळी त्याला डोळ्यांनी दिसते. दहानंतर हेच फुलपाखरू तुम्हाला दहा पावलेही जवळ येऊ देणार नाही. लवकर निघण्याचे हे कारण मुलाला सांगा, तो सर्वांच्या आधी बूट घालून दारात उभा राहील. त्याच्या पाठीवर त्याची पाण्याची बाटली आणि हलके जाकीट यांपेक्षा अधिक काही देऊ नका, आणि त्याला भूक लागण्याची वाट पाहू नका. दर अर्ध्या-पाऊण तासाला दोन घास खाऊ द्यावा आणि मुख्य डबा परत फिरण्याच्या ठिकाणी उघडावा. कुरकुर सुरू झाल्यावर दिलेला खाऊ लाच ठरतो, आधी दिलेला खाऊ शिदोरी ठरते.

मुलीचा प्रश्न तुम्ही फोन सोडवण्याच्या अंगाने विचारला आहे; मी तो निराळ्या अंगाने पाहतो. तेरा वर्षांच्या मुलीला आठवड्यापूर्वी ठरलेल्या बेतात, कुणीही न विचारता, शेवटच्या रांगेत चालायला लावले तर हेडफोन हीच तिची एकुलती खासगी खोली उरते. ती जबरदस्तीने उघडून काही साधणार नाही. तिला खरा अधिकार द्या. वर म्हटलेला नकाशा तिच्या हाती सोपवा. तुम्ही सुचवलेल्या तीन वाटांपैकी कोणती निवडायची हे तिने ठरवावे, चढ जाताना आहे की येताना हे तिने पाहावे, नेस्मिथच्या आडाख्यात तुमच्या घराची चाल घालून वेळ तिने काढावा, आणि साडेअकरा वाजले की ‘फिरा’ हा शब्दही तिनेच उच्चारावा. तो तुम्ही ऐकावा लागेल, हे मात्र आधीच मनाशी पक्के करा. समोरच्या वळणापर्यंत जाऊन येऊ, असा शब्द एकदा जरी तोंडातून निघाला तरी तिचा अधिकार खोटा होता हे तिला त्याच क्षणी कळेल.

फोन याच कामी येतो. नकाशा आदल्या रात्री उतरवून ठेवला की रानात मोबाइलचे जाळे नसले तरी आपण कुठे आहोत हे फोन दाखवतो, कारण स्थान कळण्यासाठी लागणारे संकेत उपग्रहांकडून येतात, मनोऱ्यांकडून नव्हे. क्षीण जाळे शोधत राहिल्याने बॅटरी मात्र झपाट्याने उतरते, म्हणून विमान अवस्था (एअरप्लेन मोड) चालू ठेवावी. बहुतेक फोनांत स्थानदर्शन तरीही चालू राहते. हे घरीच एकदा करून पाहावे, आणि कागदी नकाशा खिशात असू द्यावा. आणखी एक, आणि माझ्या मते हाच सर्वांत गुणकारी उपाय: तिच्या एखाद्या मैत्रिणीला बरोबर घ्या. दोघी तुमच्यापासून पन्नास पावले पुढे चालतील, तुमच्याशी फारसे बोलणार नाहीत, आणि घरी आल्यावर दिवस चांगला गेला असे म्हणतील. प्रत्येक फाट्यावर मागच्यांसाठी थांबायचे, एवढी एकच अट घाला.

तिला गोडी लागेल अशी एक गोष्ट सुचवतो. थंड हिवाळ्याच्या प्रदेशात पानगळीच्या झाडांच्या टोकाच्या कळीवर खवले असतात. वसंतात कळी उमलली की ती खवले गळून पडतात आणि फांदीभोवती अगदी जवळजवळ असलेल्या बारीक रेघांचे एक कडे मागे उरते. पुढच्या वर्षी त्याच्या पुढे दुसरे कडे पडते. अशा दोन कड्यांमधले अंतर म्हणजे त्या फांदीची एका वर्षाची वाढ. फांदी न तोडता, नखाने चाचपत टोकापासून मागे येत गेले की हे झाड कोणत्या वर्षी वीतभर वाढले आणि कोणत्या वर्षी बोटभरसुद्धा वाढले नाही, हे वाचता येते. शेजारच्या झाडाचीही तीच वर्षे आखूड निघाली, तर त्या वर्षी पाऊस-थंडीचे काही बिनसले होते का, असा प्रश्न तिला पडेल आणि उत्तर शोधायला तिला फोन लागेल. तेव्हा तो तिच्या हातात असू द्या.

तुमच्या आईंना न्यावे की नाही, हे तुम्ही मला विचारले आहे. त्यांना विचारले आहे का? पत्रावरून तसे दिसत नाही. त्यांना जायचे असेल तर गुडघ्यांच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दम चढावर लागतो, म्हणून आपण चढाला भितो, पण गुडघ्यांना त्रास उतारावर होतो, कारण प्रत्येक पावलागणिक शरीराचा भार सावरत खाली यावे लागते. त्यामुळे वर जाताना ‘मी ठीक आहे’ म्हणणारी व्यक्ती खाली येताना अडचणीत येते, आणि तोपर्यंत दुसरा इलाज राहिलेला नसतो. त्यांच्यासाठी सपाट किंवा हलक्या चढ-उताराची वाट निवडावी, दोन काठ्या द्याव्यात, उतारावर काठ्यांची लांबी थोडी वाढवून त्या आधी पुढे टेकवायला सांगाव्यात, आणि पायऱ्यांची वाट व वळणे घेत जाणारी वाट यांत निवड असेल तर वळणांची घ्यावी. गुडघ्यांचे दुखणे जुने असेल तर डॉक्टरांना आधी विचारणे बरे.

याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांना सामानाची राखण करायला बसवू नका. पुष्कळ कुटुंबांत ज्येष्ठांना सतरंजी, पिशव्या आणि सर्वांच्या चपला यांच्या मध्ये बसवून बाकीचे निघून जातात, आणि परतल्यावर विचारतात, ‘छान वाटले ना?’ एकच जागा आणि दोन बेत, अशी योजना करता येते. तळ्याकाठी किंवा वनाच्या कडेला सावली आणि बसण्याची सोय असलेले ठिकाण शोधावे. मुलगी, तिची मैत्रीण आणि तुम्ही तासाभराची वरची फेरी करून यावे, आणि आई, पत्नी व मुलगा यांनी त्यांच्या चालीने पाण्याच्या कडेने फिरावे. दुसऱ्या फेरीला मोठ्यांची अदलाबदल करावी. शौचालय कुठे आहे हे निघण्यापूर्वी शोधून ठेवावे. हा तपशील बेतात कुणी लिहीत नाही, परंतु अनेक आजी केवळ त्यापायी पाणी न पिता दिवस काढतात.

ऋतूचे म्हणाल तर वसंत बाहेरून सौम्य दिसतो, पण बेत फसवतो. सकाळी गारठा आणि दुपारी चटका असल्यामुळे एक जाड कपडा घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालावेत. उंचीबरोबर तापमान सरासरीने दर १,००० मीटरला साडेसहा अंशांनी उतरते, म्हणजे तीनशे मीटर वर गेलात की दोन अंशांचा फरक पडतो, आणि वाऱ्यात तो अधिक जाणवतो. हवा गार आहे म्हणून ऊन सौम्य आहे असे मात्र समजू नये; त्वचा भाजणाऱ्या अतिनील किरणांचा हवेच्या गारव्याशी संबंध नसतो, सूर्य किती वर आहे याच्याशी असतो. मुलाला सोपी खूण शिकवा: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की टोपी आणि सावली हवी. अतिनील निर्देशांक, म्हणजे या किरणांची तीव्रता सांगणारा आकडा, ३ किंवा त्याहून अधिक असेल तर त्वचेचे संरक्षण करावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दुपारनंतर ढग मनोऱ्यांसारखे वर चढू लागले तर खाली यायला लागा. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज १० किलोमीटरांच्या आत आहे. पक्क्या इमारतीत किंवा काचा बंद केलेल्या मोटारीत जावे, एकट्या झाडाखाली कधीही थांबू नये, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये.

पायांविषयी थोडक्यात: सहलीसाठी म्हणून नवे बूट आणू नका, आणि टाचेपाशी नुसते गरम लागू लागले तरी तिथेच थांबून चिकटपट्टी लावा, कारण फोड आल्यावर ती निरुपयोगी ठरते. उंच गवतातून गेला असाल तर घरी आल्यावर मुलांच्या कानांमागे, काखेत, जांघेत आणि गुडघ्यांच्या मागे गोचीड आहे का ते पाहा. असल्यास चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढून काढा. ती जितकी कमी वेळ चिकटून राहील तितका आजाराचा धोका कमी असतो. पुढच्या काही आठवड्यांत ताप किंवा त्या जागी पसरणारा लाल चट्टा दिसला तर डॉक्टरांकडे जावे.

शहरालगतचे रान हे कुणाच्या तरी कामाची जागा असते, हे मुलांना आधीच सांगितलेले बरे. फाटक उघडे असेल तर उघडे आणि बंद असेल तर बंद ठेवावे. पिकाच्या शेतातून वाट जात असेल तर एकामागे एक चालावे. वासरू असलेली गाय शांत दिसली तरी दोघांच्या मधून जाऊ नये, लांबून वळसा घालावा. कुत्रा बरोबर असेल आणि गाय अंगावर आलीच तर साखळी सोडून द्यावी, कारण तिचा राग कुत्र्यावर असतो आणि त्याला तुमच्यापेक्षा वेगाने पळता येते. हा काळ पक्ष्यांच्या विणीचाही आहे. एखादा पक्षी पंख मोडल्यासारखा फरफटत तुमच्या पुढे पुढे जाऊ लागला, तर तो जखमी असेलच असे नाही. पुष्कळदा जमिनीवर घरटे करणारे पक्षी आपल्याला अंड्यांपासून दूर नेण्यासाठी हे सोंग करतात. मुलगा त्याच्या मागे धावेल, त्याला हाताला धरून आल्या वाटेने मागे फिरवावे, आणि पाय कुठे पडतो ते पाहावे. घरट्याबाहेर बसलेले पिल्लू दिसले तर ते अनाथ समजून उचलू नये, पालक बहुधा जवळच असतात. माणसाचा हात लागला की पक्षीण पिल्लाला टाकते ही समजूत खरी नाही, परंतु ती खोटी आहे म्हणून हात लावावा असेही नाही.

राहिला तुमच्या पत्नींचा प्रश्न, जो तुम्ही प्रश्न म्हणून विचारलाच नाही. ‘आम्हाला घरीच राहू द्या’ असे त्या म्हणतात, तेव्हा आदल्या रात्रीची तयारी, डबे, कपडे, औषधे आणि परतल्यावरचे चिखलाचे बूट कुणाच्या वाट्याला आले होते, याचा विचार करावा. बेत तुम्ही आखला आणि राबणे त्यांच्याकडे गेले असेल तर घरी राहणे हीच त्यांची सुट्टी आहे. दहा दिवसांत सगळ्यांची मिळून सहल दोनदाच ठेवा, तिची सगळी तयारी तुम्ही आणि मुलीने करा, आणि मधले दिवस मोकळे सोडा.

माथ्याचे म्हणाल तर त्याची ओढ मला समजते आणि ती सोडावी असे मी मुळीच म्हणणार नाही. उरलेल्या दिवसांपैकी एक पहाट स्वतःसाठी मागून घ्या, पाचला घरून निघा, साडेसातला चालायला लागा, आणि नेस्मिथच्या हिशेबाने दहाच्या आत खाली या. कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजेपर्यंत निरोप न आल्यास काळजी करावी, हे घरी लिहून ठेवा. पुढेमागे मुलीला बरोबर यावेसे वाटले तर ती विचारेल. तुम्ही विचारू नका.

दोन्ही सामायिक सहलींसाठी एकेक राखीव दिवस आधीच ठरवून ठेवा. आदल्या संध्याकाळी हवामानाचा अंदाज पाहून जायचे की नाही हे जेवणापूर्वी सांगून टाका, म्हणजे सकाळी सहाला खिडकीत उभे राहून ढगांवरून वाद घालण्याची वेळ येणार नाही.